ऊसतोडणी टोळीचे पिण्याचे पाणी : वाहतूक, साठवण व वाटप



गळीत हंगाम तोंडावर आला की शेतकी खात्याच्या गट कार्यालयात सभासदांची वर्दळ सुरू होते. आडसालीला तोड कधी, खोडव्याला टोळी कधी, टायरगाडी मिळणार की ट्रॅक्टर, वाढे कोणाच्या वाट्याला, असे नाना प्रश्न निघतात. पाण्याचा प्रश्नही निघतो. पण तो उसाच्या पाण्याचा. तोडीपूर्वी पंधरा-वीस दिवस पाणी बंद ठेवावे हे आता बहुतेकांना पाठ झाले आहे. परंतु जी टोळी आपल्या वावरात उतरणार ती पाणी कुठले पिणार, कशात आणणार आणि कशात ठेवणार, हे विचारणारा सभासद आम्हांस इतक्या वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच भेटला. सभासदांना तरी दोष का द्यावा? आम्ही कृषी पदविका घेऊन या कामात आलो, बेणेप्रक्रिया, खतांच्या मात्रा, हुमणी यांवर गावोगाव बैठका घेतल्या. पण हा विषय आमच्याही वहीत नव्हता. तो वहीत आला तो एका चुकीमुळे, आणि चूक आमचीच होती.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. प्रवरेकाठच्या एका गावी दहा कोयत्यांची टोळी उतरली. दहा कोयते म्हणजे वीस माणसे, शिवाय दहा-बारा लेकरे आणि कोपीवर थांबणारी एक म्हातारी. तळ ओढ्याच्या कडेला पडीक वावरात. टोळी यायच्या आधी आम्ही मोठ्या दक्षतेने ग्रामसेवकांना भेटलो, गावच्या टाकीत टीसीएल पावडर रोज पडते याची खात्री करून घेतली, आणि तळापासून दोनशे पावलांवरचा नळ मुकादमाला दाखवून दिला. नदीचे वा ओढ्याचे पाणी कोणी प्यायचे नाही अशी ताकीदही दिली. आमच्या मते काम फत्ते झाले होते.

सहाव्या दिवशी पहाटे मुकादमाचा फोन आला. तळावर जुलाब-उलट्या. आम्ही पोहोचलो तो बारा जणांची वाट लागलेली, आणि दोन वर्षांची एक मुलगी अशी निपचित पडलेली की डोळे खोल गेलेले, चिमटा काढला तर कातडी तशीच उभी राहत होती. तिला जीपमध्ये घालून ग्रामीण रुग्णालयात नेले. सलाईन लागले. पोर वाचली. डॉक्टर म्हणाले, दुपारपर्यंत थांबला असता तर आणायची गरज पडली नसती.

परत येताना आमच्या मनात एकच. यांनी ओढ्याचे पाणी प्यायले असणार. तसे मुकादमाला जरा तावातावानेच बोललो. तो म्हणाला, "साहेब, पानी नळाचंच हाय. लेकराची आन. आमी वढ्याचं पेलोच नाही." तेव्हा आरोग्यसेवकाला बोलावले. त्यांच्याजवळ पाण्यातील क्लोरीन पाहण्याची ओटीची बाटली होती. परीक्षानळीत पाणी घेऊन थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. नळाखालचे पाणी तपासले. चांगले पिवळे आले. म्हणजे गावचा काही दोष नव्हता. मग तळावरच्या निळ्या ड्रममधले घेतले. पांढरे स्वच्छ. पुन्हा घेतले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा कोपीतल्या कळशीतले घेतले, त्यातही काही नाही.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. येथे उलटे होते. आडात होते, पोहऱ्यातच नव्हते.

ड्रमजवळ एक आक्का बसल्या होत्या. त्यांना विचारले तेव्हा सगळा उलगडा झाला. त्या म्हणाल्या, "साहेब, आमी पहाटं चारला फडात. लेकरं हितं. तहान लागली की ड्रममंदी ग्लास बुचकाळत्यात, हात कोपरापातूर आत. आता फडातून येऊन कोन राखन बसंल?" ड्रमचे तोंड एवढे मोठे की बादली आत जाईल. झाकण प्रवासात हरवलेले. पावडरीचे पाणी नळातून ड्रममध्ये पडले, आणि त्यातला क्लोरीन शेणामातीच्या, शौचाहून आलेल्या चिमुकल्या हातांशी झगडून दुपारपर्यंत संपला. पुढे त्या पाण्याला वाली कोणी नव्हता.

हे काही आपल्याच तळावर घडते असे नाही. पेरू देशात १९९१ साली कॉलऱ्याची मोठी साथ आली, तेव्हा तेथील त्रुहियो शहरात तपास करणाऱ्यांना आढळले की ज्या घरांत पाण्याच्या भांड्यात हात घातला जात होता, त्या घरांत रोग अधिक. कलकत्त्याच्या झोपडपट्टीत आपल्याच भारतीय शास्त्रज्ञांनी याच्याही आधी प्रयोग केला. कॉलरा झालेल्या घरांना त्यांनी पाण्यासाठी अरुंद गळ्याची सुरई दिली. औषध नाही, यंत्र नाही, नुसती सुरई, कारण तिच्यात हात जात नाही. ओतूनच प्यावे लागते. त्या घरांत कॉलऱ्याची लागण पुष्कळ कमी झाली. हे संशोधन १९८६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत छापून आले. आपल्या आज्ज्या रांजणात हात घालू देत नसत, लांब दांड्याचे ओगराळे ठेवीत, आणि त्याला कोणी हात लावला तर पाठीत धपाटा देत. तो धपाटा विटाळाचा मानून आपण शिकलेल्यांनी सोडून दिला, त्याबरोबर ओगराळेही गेले.

भांडे

तेव्हा पहिली गोष्ट भांड्याची. तळावर ड्रम लागतोच, त्यावाचून भागत नाही. थोडा हिशेब करू. पिणे व स्वयंपाक मिळून माणशी दहा लिटर धरले तर तीस माणसांच्या तळाला रोज ३०० लिटर, म्हणजे २०० लिटरचे दीड ड्रम. अंघोळ-धुण्याचे वेगळे, ते नदीचे वा विहिरीचे चालते. त्याचा ड्रम निराळा, आणि दोघांची सरमिसळ होऊ नये म्हणून पिण्याच्या ड्रमाला पांढऱ्या रंगाचा जाड पट्टा ओढावा. अक्षर लिहून उपयोग नाही, पट्टा लेकरालाही कळतो.

पिण्याच्या ड्रमाला खाली तोटी बसवावी. तळापासून चार बोटे वर, म्हणजे गाळ खाली राहतो. अर्धा इंची प्लॅस्टिकची तोटी, दोन्ही बाजूंनी रबरी वायसर, हे काम गावचा कोणीही प्लंबर अर्ध्या तासात करतो. ड्रम दगड-विटांच्या ओट्यावर ठेवावा, कळशी खाली मावेल एवढा उंच. वरचे तोंड फक्त भरताना उघडायचे. आम्ही तर सांगतो, झाकण तारेने आवळून टाका. मुकादमाने भरायच्या वेळी पक्कडीने सोडावे. थोडे जाच होतो, पण जाच व्हावा म्हणूनच तो.

ड्रम कोणता घ्यावा, यावर मात्र आमचे बोलणे कडक आहे. बाजारात जुने निळे ड्रम स्वस्त मिळतात. त्यांत पूर्वी काय होते हे विकणाराही जाणत नाही. ॲसिड, कॉस्टिक, रंग, काहीही असू शकते. आपल्या साखर धंद्यातच फॉस्फरिक ॲसिडचे पिंप येतात, ते भंगारात जातात आणि भंगारातून कोठेही जातात. धुऊन वास गेला म्हणजे ड्रम शुद्ध झाला असे नव्हे. प्लॅस्टिक द्रव्य पिऊन बसते आणि मग पाण्यात हळूहळू सोडते. खाद्यपदार्थासाठीचा, ग्लास-काट्याची खूण असलेला नवा ड्रमच घ्यावा.

याहून वाईट म्हणजे तणनाशकाचे कॅन. उसात आपण ॲट्राझीन, टू-फोर-डी, मेट्रिब्युझिन मारतो. पाच लिटरचा मजबूत पांढरा कॅन बांधावर पडतो. टोळीतली बाई तो उचलून, राखेने घासून, पाण्याला लावते. तिला वाचता येत नाही आणि कॅनचे लेबल तर तिने घासूनच काढलेले असते. हे आम्ही एका नव्हे, अनेक फडांत डोळ्यांनी पाहिले आहे. यात चूक त्या बाईची नाही, कॅन बांधावर टाकणाऱ्याची आहे. सभासद बंधूंनो, रिकामा झालेला कॅन फवारणीच्याच वेळी तीनदा विसळा, ते पाणी पंपात ओता, आणि कॅनला विळ्याने भोक पाडा. भोक पडलेला कॅन कोणी पाण्याला नेत नाही.

पाणी कोठले

अकोले तालुक्यात पाण्याला तोटा नाही असे बाहेरचे लोक समजतात. घाटघर-रतनवाडीकडे जिल्ह्यातला सर्वांत जास्त पाऊस, भंडारदऱ्याचे धरण १९२६ सालापासून उभे, खाली निळवंडे, आणि प्रवरा, मुळा, आढळा अशा तीन नद्या. शिवाय अगस्ती ऋषींचा आश्रम आपल्या अकोल्यातच, प्रवरेच्या काठी. ऋषींनी एका आचमनात समुद्र पिऊन टाकला म्हणतात. त्यांना तो पचला. आपल्याला प्रवरेचा एक तांब्या पचेलच याची हमी नाही. जानेवारीत नदी काचेसारखी दिसते, पण वरच्या प्रत्येक गावाची धुणी, गुरे आणि सांडपाणी त्याच काचेत असते. कालव्याचे आवर्तन सुटलेले असताना पाणी वाहते तरी. आवर्तन थांबले की खड्ड्यांत राहिलेले डबके त्याहून वाईट.

आता शेतातल्या विहिरीचे. "आमची विहीर गोड आहे, आम्ही पिढ्यान्पिढ्या पितो," असे प्रत्येक सभासद छातीवर हात ठेवून सांगतो. पिढ्यान्पिढ्या एवढा युरिया नव्हता. उसाच्या पट्ट्यातल्या उथळ विहिरींत नायट्रेट उतरते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याला ना वास, ना रंग, ना चव. पावडर टाकून ते जात नाही, आणि उकळले तर पाणी आटून उलट दाट होते. वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाला अशा पाण्यात दूध कालवून दिले तर बाळ निळे पडते. म्हणून ज्या विहिरीच्या पाण्याची तपासणी झालेली नाही, ते टोळीतल्या तान्ह्यांना तर नकोच, आणि आपल्या घरच्यांना तरी का?

एक नवीन धोका ठिबकमुळे आला आहे. फडात टोळीने पाणी मागितले की आपण ठिबकच्या फिल्टरजवळची तोटी सोडून देतो. त्याच लाईनला व्हेंचुरी असते, त्यातून काल खत किंवा हुमणीचे औषध सोडलेले असते. त्या तोटीचे पाणी माणसाला देऊ नये, बैलालाही देऊ नये.

मग उरतो तो गावच्या नळयोजनेचा नळ, किंवा सरकारी तपासणीत पिण्यास योग्य ठरलेला हातपंप. तळाची जागा ठरवतानाच हे पाहावे. सावली, सपाटी, बैलांची सोय आपण पाहतो. त्याआधी नळ पाहावा.

पावडरीचे माप

नळाचे पाणी घेतले तरी तळावर पुन्हा पावडर लागते, कारण वर सांगितल्याप्रमाणे नळातला क्लोरीन दुपारपर्यंत टिकत नाही. येथे लोक दोन प्रकारे चुकतात. एक तर चिमूटभर अंदाजाने थेट ड्रममध्ये टाकतात. ती गठ्ठा होऊन तळाशी बसते. किंवा मूठभर टाकतात. मग पाण्याला असा वास येतो की टोळी ते ओतून देऊन ओढ्याकडे जाते. दुसरी चूक पहिलीपेक्षा महाग पडते.

रीत अशी. ताज्या टीसीएल पावडरीत क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास असतो, पण गावात येईतो उतरतो. २५ टक्के धरून चालावे. ४० ग्रॅम पावडर तोलून घ्यावी, थोड्या पाण्यात लाकडी काडीने कालवून गुठळ्या मोडाव्यात, आणि एकूण एक लिटर पाणी करावे. हे प्लॅस्टिकच्या बादलीत करावे, धातूच्या भांड्यात नव्हे. तासभर ठेवले की पांढरा गाळ खाली बसतो. वरचे निवळ पाणी गडद रंगाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून सावलीत ठेवावे. हे झाले मूळ पाणी. आठवड्याने उरलेले ओतून नवे करावे, कारण ते शिळे होते.

या मूळ पाण्याचे २० लिटरच्या कॅनला ४ मिलिलिटर, २०० लिटरच्या ड्रमाला ४० मिलिलिटर घालावे. मापाला खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचे टोपण उत्तम, त्यावर रेघा असतात. आधी मूळ पाणी घालून वरून नळ सोडावा, म्हणजे आपोआप मिसळते. त्यानंतर अर्धा तास कोणी प्यायचे नाही. हा अर्धा तास जंतू मरण्याचा आहे, तो चुकवला तर सगळा खटाटोप व्यर्थ. अर्ध्या तासाने ओटी किंवा डीपीडीने पाहिले तर लिटरला अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा, आणि शेवटचा तांब्या निघेपर्यंत ०.२ च्या खाली जाऊ नये. तपासलेले पाणी पिऊ नये, फेकून द्यावे.

गढूळ पाण्यात पावडर निम्मी वाया जाते, मातीच ती खाते. नाइलाजाने तसले पाणी घ्यावे लागले तर तुरटीचा खडा फिरवून रात्रभर निवळू द्यावे, जुन्या सुती लुगड्याची चार-पाच पदरी घडी करून त्यातून गाळावे, आणि मूळ पाणी दुप्पट घालावे. लुगड्याची घडी ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. बांगलादेशात खेड्यांतून जुन्या साडीची घडी करून पाणी गाळायला शिकवले, तर कॉलरा जवळजवळ निम्म्याने उतरला. २००३ साली ते प्रसिद्ध झाले. नवी साडी चालत नाही. जुन्या, धुऊन धुऊन पिंजलेल्या सुताची छिद्रे बारीक होतात.

बाटलीबाबत एक सूचना. मूळ पाणी थंडपेयाच्या बाटलीत कधीही भरू नये. लेकरू तोंडाला लावील. मुकादमाच्या कोपीत, उंच खुंटीला टांगून ठेवावे. ज्यांना ही दगदग नको त्यांनी आरोग्य केंद्रातून क्लोरीनच्या गोळ्या वा द्रव घ्यावे आणि वेष्टनावरचे माप पाळावे. गोळ्या निरनिराळ्या ताकदीच्या येतात, शेजारच्या तळाचे ऐकून टाकू नयेत.

फडात

तळावर ड्रम झाला, पण माणसे दिवसभर फडात असतात. तेथे आजही बहुधा एक कळशी बांधाच्या सावलीला आणि वर उपडा ग्लास. पाचटाच्या कुसळांनी सोललेले हात, त्यांनीच ग्लास बुडवणे. फडात उंदीर असतात, त्यांचे मूत पाण्यात पडले तर लेप्टोचा ताप येतो, तोही प्राणावर बेतणारा. फडात २० लिटरचा तोटीचा, बंद तोंडाचा कॅन न्यावा. दहा कोयत्यांना दोन. ओले गोणपाट गुंडाळले की पाणी माठासारखे गार राहते आणि क्लोरीनही उन्हाने उडत नाही. पाणी गार असले तरच माणूस पोटभर पितो, हे विसरू नये.

आणि पोटभर प्यायलाच हवे. डिसेंबरच्या थंडीत एवढे जाणवत नाही, पण फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात कोयता चालवणाऱ्या माणसाला तासाला पाऊण ते एक लिटर पाणी लागते, तेही एकदम नव्हे तर दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर. मध्य अमेरिकेत निकाराग्वा, एल साल्वाडोर येथे ऊसतोड कामगारांत ऐन तिशी-चाळिशीतले लोक मूत्रपिंड निकामी होऊन गेले, ज्यांना ना मधुमेह होता ना रक्तदाब. उन्हातले अतिकष्ट आणि पाण्याची तूट हे त्याचे एक मुख्य कारण मानले जाते. तिकडच्या काही कारखान्यांनी मग पाणी, विश्रांती आणि सावली फडातच पुरवायला सुरुवात केली. आपल्या कोयत्याला पाण्यासाठी फडाबाहेर दोनशे पावले जावे लागले तर तो जात नाही. अंगावर काम असते, मोळ्यांवर पैसे. म्हणून कॅन फडाच्या टोकाला नव्हे, तोडीच्या पुढे सरकत गेला पाहिजे.

बायका पाणी आणखी कमी पितात. आम्ही विचारले तर हसून दुसरेच बोलायच्या. आमच्या घरून एकदा हळदी-कुंकवाला तळावर जाणे झाले, तेव्हा त्यांच्यापाशी बायका मोकळेपणी बोलल्या. आडोसा नाही. पुरुषांच्या देखत जायचे कुठे, म्हणून सकाळपासून घोटच घेत नाहीत, आणि मग लघवीची जळजळ, ताप, ओटीपोटात दुखणे. तेव्हा कॅनबरोबर बांधाच्या कडेला चार बांबू आणि जुन्या ताडपत्रीचा आडोसाही करावा लागतो. तो पाण्याचाच भाग समजावा.

आता सभासद काय म्हणतात ते आम्हांस ठाऊक आहे. "साहेब, खुशालीचे पैसे द्यायचे, ड्रायव्हरची एंट्री द्यायची, एक जेवणही घालायचे, आणि आता पाणी आम्हीच भरायचे?" तक्रार खोटी नाही. पैशाच्या मागणीचा त्रास आहे, आणि त्याबद्दल आम्हीही बैठकांतून बोललो आहोत. पण तो हिशेब पाण्याशी बांधू नये. युरियाच्या दोन गोण्यांच्या पैशात तोटीचा कॅन येतो. वर सांगितलेली टोळी आजारी पडली तेव्हा चार दिवस तोड बंद राहिली. आदल्या दिवशीचा तोडलेला ऊस फडातच वाळला. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा असे आम्ही ओरडून सांगतो, तो चौथ्या दिवशी गेला, वजन घटले ते सभासदाचे आणि उतारा घटला तो आपल्या सर्वांचा. हे झाले पैशाचे. त्या पोरीची आई तिला मांडीवर घेऊन जीपमध्ये बसली होती तेव्हा ती आमच्याशी एक शब्द बोलली नाही. नळ दाखवणारे आम्हीच होतो.

टोळ्या येतात तो प्रवासही याच हिशेबात धरावा. बीड, पाथर्डी, नांदगाव, चाळीसगावकडून ट्रक-ट्रॅक्टरमध्ये संसार भरून निघालेली माणसे रात्रंदिवस वाटेवर असतात, आणि मिळेल तेथे पितात. मुकादमाशी करार करतानाच त्याला सांगावे की निघताना गावच्या नळाचे, पावडर घातलेले पाणी तोटीच्या कॅनमध्ये भरून घे. माठ ट्रकमध्ये टिकत नाही. २०० लिटरचा भरलेला ड्रम म्हणजे दोन क्विंटलचे ओझे. तो ट्रॉलीत पुढच्या फळीला दोराने आवळावा. अर्धवट भरलेला ड्रम वळणावर हेलकावतो आणि उलटतो, म्हणून मोठे ड्रम रिकामे आणावेत, कॅन भरून. डिझेलचा कॅन पाण्याशेजारी ठेवू नये. झाकण लावलेले असले तरी वास पाण्यात उतरतो. हार्वेस्टरवरचे दोघे-तिघे यंत्राजवळच मुक्काम करतात, त्यांना हे विशेष सांगावे लागते. आषाढीला आपल्यापैकी कितीतरी जण दिंडीबरोबर ट्रक-टेम्पो नेतात, त्यांनाही हेच लागू. तोटी नसलेला ड्रम घेऊन पंढरपूरला जाऊ नये.

इतके करूनही कोणाला जुलाब लागलेच तर एक लिटर शुद्ध पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजत राहावे, आणि दवाखान्याची वाट धरावी. चमचा चहाचा. मीठ जास्त होऊ देऊ नये. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांच्याजवळचे सलाईन संपले, तेव्हा त्यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी ड्रममधून तोटीने वाटले आणि हजारोंचे प्राण वाचले. ड्रमला तोटी तेथेही होती.

त्या प्रवरेकाठच्या तळावर आम्ही दुसऱ्याच दिवशी तोटी बसवून घेतली. लेकरांना ती फार आवडली. तोटी कोणी फिरवायची यावरून भांडणे होऊ लागली आणि ती दिवसभर थोडी थोडी गळतच राहिली. त्याने ओट्याखाली चिखल झाला, डास झाले, कोंबड्या जमल्या. आक्कांनी मग तोटीखाली विटांचे तुकडे पसरून एक हातभर चर काढला, आणि चराच्या टोकाला मेथी टाकली. तोटी बसवताना हा चर सभासदांनी आधीच काढून ठेवावा. वायसर महिन्याने झिजतात. एक जास्तीचा जोड मुकादमाजवळ देऊन ठेवावा.